ताप कुणालाच नाही

भट्टीवर ताप कुणालाच येत नव्हता. म्हणजे यायचा सगळ्यांनाच. खोपटागणिक एक तरी माणूस चादरीखाली कुडकुडत पडलेलं असायचं. पण मुकादमानं दारातून हाक मारून विचारलं, की आतून उत्तर ठरलेलं, "अंग दुखतंय जरा. चिखल तुडवून तुडवून." मुकादमालाही तेवढंच ऐकायचं असायचं. कारण ताप म्हटला की साच्यावरची जागा गेली. तापाचं माणूस विटा वाकड्या पाडतं, असं मालकाचं म्हणणं होतं, आणि तुमच्या साच्यावर एकदा दुसरं कुणी बसलं की ते काही उठत नाही. मग तुम्ही ठणठणीत बरे व्हा नाहीतर काहीही व्हा, राख चाळायला जा. म्हणून सगळ्यांचं अंग दुखायचं. पाऊस संपून ऊन तापेपर्यंत अख्ख्या भट्टीचं अंग दुखत राहायचं.

ताप येतो कुठून, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. माती काढून काढून भट्टीच्या मागं खड्डे पडले होते, माणूस उभा बुडेल असे, आणि त्यात हिरवं पाणी साचलेलं. खड्डे बुजवा म्हणून कुणी बोललं, तर मालक म्हणायचा, "मग चिखल काय तुमच्या घामानं भिजवू?" दिवस कलला की त्या पाण्यावर डासांचा नुसता धूर उठायचा. मालकाचं घर तिथून लांब होतं, त्यामुळे त्याला तो धूर कधी दिसला नाही.

आक्का त्या भट्टीवरची सगळ्यात जुनी साचेवाली. तिच्या हाताखालून निघालेली वीट बघून मुकादम नव्या माणसांना म्हणायचा, "अशी पाडा, नाहीतर पाडू नका." उकिडवं बसायचं, साच्याला राख मारायची, चिखलाचा गोळा दोन्ही हातांनी उचलून आत आदळायचा, वरून तळहात फिरवायचा आणि साचा उपडा करून अलगद उचलायचा. एवढंच काम, पण ते करून करून तिच्या बोटांना शेवट असा राहिला नव्हता. नखं झिजून गेली होती आणि बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. साच्याची ती जागा म्हणजे तिचं घर, तिची इभ्रत, काय म्हणाल ते. तिचा नवरा, ज्याला सगळे म्हातारा म्हणत, तो चिखल तुडवायचा. थोरला मुलगा भट्टीच्या डोक्यावर, आगीपाशी. धाकटा मागच्या खड्ड्यांच्या कडेला, गुडघाभर पाण्यात उभा राहून माती काढायचा. आणि थोरल्याची बायको, पोटुशी असूनही, अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत उन्हात घातलेल्या विटा उलटायला वाकत होती.

ताप आधी धाकट्याला आला. पाण्यात त्याचंच जास्त असणं, त्यामुळे नवल नव्हतं. दुपारी दात वाजायला लागायचे, अंगावर घरातलं सगळं पांघरूण टाकलं तरी खाट हलायची, मग अंग तव्यासारखं तापायचं आणि शेवटी घामानं गोधडी भिजून जायची. दुसऱ्या दिवशी पोरगं उठून कामाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आक्कानं नाक्यावरच्या दवाखान्यातून गोळ्यांचं पाकीट आणलं. आणि मग तिनं केलं ते भट्टीवरची प्रत्येक बाई करत होती. धाकट्याचा ताप उतरला, तशी तिनं गोळ्या थांबवल्या आणि उरलेलं पाकीट पदराच्या गाठीला बांधलं. बरं झालेल्या माणसाला गोळ्या कशाला घालायच्या, उद्या घरात दुसरं कुणी आडवं पडलं तर? दवाखान्यात गेलं की एक दिवस बुडतो, वर मुकादम विचारतो कुठं होतीस म्हणून. भट्टीवर पाकीट असं मोडून मोडूनच वापरलं जायचं आणि त्याला कुणी वाईट म्हणत नव्हतं, उलट संसारी बाई म्हणत. उरलेल्या गोळ्या म्हाताऱ्याला लागल्याच. तोही अर्ध्यावर उठून चिखलात जाऊन उभा राहिला. आक्काला वाटलं, एका पाकिटात दोन माणसं बरी केली.

मग सुनेचे दिवस भरले.

बाळंतपण खोपटात होईल असा सगळ्यांचा हिशोब होता, पण पोर अडलं. विटा वाहायच्या टेम्पोत गोणपाट अंथरून तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मोठ्या दवाखान्यात, जिथं कापाकापी होते तिथं. पोट फाडून पोर काढलं. मुलगी झाली. बारीक होती, पण रडली. आक्काचा जीव कुठं भांड्यात पडतोय तोवर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण बाई, डोळ्यांखाली झोप साचलेली.

"रक्त फार गेलंय," त्या म्हणाल्या. "थांबवलंय, पण चढवावं लागेल. तिच्या गटाची पिशवी आमच्याकडे नाही. घरातलं कोण देणार?"

थोरला पुढं झाला. त्याचं बोट टोचलं, जुळलं नाही. आक्कानं हात पुढं केला, तर तिच्या वयाकडे बघून नर्सनं तो खाली केला. म्हातारा खोकत होता, त्याला कुणी विचारलंच नाही. धाकट्याचं जुळलं.

तपासणीची खोली लांबोडकी होती. भिंतीला टेकून एक टेबल, टेबलावर दुर्बीण आणि दुर्बिणीवर प्लास्टिकची टोपी. तपासणीवाला कानावर पेन अडकवून सुई-नळी जुळवत होता. धाकट्याकडे न बघताच त्यानं विचारायला सुरुवात केली. कावीळ झाली होती का? दारू पितोस का? आणि मग, "ताप आला होता का एवढ्यात?"

धाकट्यानं तोंड उघडलं. त्याची नजर दारात उभ्या असलेल्या आईकडे गेली. तसं त्याला खोटं बोलता यायचं नाही. लहानपणापासून त्याचे कान लाल व्हायचे.

"ताप कसला?" आक्का दारातूनच म्हणाली. "चांगला रेड्यासारखा आहे. बघा की दंड."

आत सून मरत होती. हे लक्षात ठेवा. त्या घटकेला तुम्ही असतात, तर तुम्हीही तेच म्हणाला असतात. आणि तसंही तिला ते खोटं वाटलंच नव्हतं. ताप आला होता आणि गेला होता. गेलेल्या तापाला कोण हो म्हणतं? भट्टीवर तर आलेल्या तापालाही कुणी हो म्हणत नव्हतं.

"बरं," तपासणीवाला म्हणाला. धाकट्याच्या रक्ताच्या दोन थेंबांवर त्यानं दोन पट्ट्या लावून बघितल्या, मान डोलावली आणि पिशवी भरायला घेतली.

पिशवी भरली. सुनेच्या अंगात गेली. तिच्या ओठांवर हळूहळू रंग आला, तसं आक्कानं धाकट्याला जवळ घेतलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "वहिनीला वाचवलंस रे," म्हणाली. थोरल्यानं भावाला चहा पाजला, बिस्किटं आणली आणि दुकानदाराला उगाचच सांगितलं की ह्यानं रक्त दिलंय.

सुनेचा टाका एका बाजूला चिघळला म्हणून तिला ठेवून घेतलं. आक्का तिच्यापाशी थांबली. वॉर्डात खाटांच्या दोन रांगा होत्या. खाटांमधल्या फरशीवर बायांचे नातेवाईक पथारी टाकून पडलेले. झाडूवाली मावशी आली की सगळ्यांना उठवायची, भिंतीला लावायची आणि फिनाईलचं पाणी ओतून जायची. आक्का पोरीला न्हाऊ घालायची, सुनेचे केस विंचरायची, तिला उठवून बसवायची. सून म्हणायची, "आई, तुम्ही भट्टीवर जा. तुमचा साचा जाईल."

"साच्याचं बघू," आक्का म्हणायची. "साचा काय, दुसरा मिळेल. सून कुठं मिळते?" आणि मग दोघी हसायच्या, कारण लग्न झाल्यापासून आक्कानं तिला एक गोड शब्द दिला नव्हता.

आठवडा उलटून गेला आणि एका दुपारी सुनेला थंडी वाजू लागली.

आधी आक्कानं पंखा बंद केला. मग आपलं पांघरूण तिच्यावर टाकलं, शेजारणीचं मागून आणलं. तरी लोखंडी खाटेचा एक पाय फरशीवर टकटक वाजत राहिला. डॉक्टरीणबाई आल्या, टाका बघितला, म्हणाल्या, "जखमेचा ताप आहे. इंजेक्शन बदलते." सुनेला घाम फुटला, ताप उतरला. दुसरा दिवस बरा गेला. आक्का त्या सबंध दिवसात मनाला समजावत होती की जखमेचाच असेल, बाई म्हणतात ना. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा खाट वाजायला लागली. अगदी त्याच वेळेला.

संध्याकाळी धाकटा डबा घेऊन आला. वहिनीकडे बघून तो खाटेच्या पायथ्याशी थांबला. बराच वेळ बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "हे तर माझंच आहे."

"गप."

"माझंच आहे, आई. असंच व्हायचं मला."

"गप बस म्हटलं ना. कुणी ऐकेल."

आक्कानं त्याला डबा धुवायला पाठवलं आणि स्वतः खिडकीत जाऊन उभी राहिली. तिला सगळं कळलं होतं, पोरानं सांगायच्या आधीच कळलं होतं, पण कळलेलं मान्य करायला छाती लागते. बोललं तर आपण खोटं बोललो हे उघड होणार. पोराला पोलिसात देतील? त्याला थोरला घरात घेईल? न बोलावं, तर ही अशीच एक दिवसाआड वाजत राहणार, आणि अंगात रक्त किती होतं मुळात. डॉक्टरीणबाई इंजेक्शनं बदलत बसतील आणि ही जाईल. आक्काला स्वतःचा असा राग आला की तिनं खिडकीचा गज आवळून धरला.

मागून सून म्हणाली, "आई, पोरीला घ्या. माझे हात थरथरतायत. पडेल माझ्या हातून."

आक्कानं पोरीला घेतलं आणि तशीच, पोरीला कडेवर घेऊन, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली.

"मॅडम," ती म्हणाली, "हिला थंडीताप आहे. ज्यानं रक्त दिलं त्याला आला होता. मी नाही म्हणाले होते. त्या दिवशी. आला होता."

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी जो आवाज लावला, तो अख्ख्या वॉर्डानं ऐकला. "तुम्हाला विचारलं होतं की नाही? विचारलं होतं ना? मलेरिया झालेल्या माणसाचं रक्त तीन-तीन महिने घेत नाही आम्ही. तुम्हाला कळतंय का काय केलंत? ओल्या बाळंतिणीच्या अंगात तुम्ही रोग भरलात. आणि इतके दिवस इथं बसून नुसतं बघत होतात?"

आक्का मान खाली घालून उभी राहिली. पोरगी कडेवर रडायला लागली, तरी तिनं तिला हलवलं नाही. बाई बोलत होत्या ते खरं होतं.

मग सगळं भराभर झालं. सुनेचं बोट टोचलं, काचेवर थेंब घेतला. मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या. बरी झाल्यावरसुद्धा एकही गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आक्काला पुन्हा पुन्हा सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. आक्का प्रत्येक वेळी हो म्हणाली. सुनेची खाट वाजायची थांबली. पण वॉर्डात गोष्ट पसरली होती. शेजारणीनं आपलं पांघरूण परत मागून घेतलं आणि नर्सला दाखवून विचारलं, हे उकळून घ्यावं लागेल का. झाडूवाली मावशी फरशी पुसता पुसता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भट्टीवाले असेच. काही विचारा, नाहीच म्हणणार."

थोरला आला. त्यानं ऐकलं. तो आईला काही बोलला नाही, धाकट्याकडे तर त्यानं बघितलंही नाही. बायकोच्या उशाशी बसला, पोरीला मांडीवर घेतलं आणि पाठ करून बसून राहिला. आक्कानं जेवायला वाढलं तर म्हणाला, "भूक नाही." दुसऱ्या दिवशीही नाही. ती त्याच्या पाठीकडे बघत बसायची.

धाकट्यालाही गोळ्या द्यायच्या म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासणीवाल्याकडे पाठवलं. आक्का बरोबर गेली. आता त्याला एकट्याला कुठं सोडायची तिची हिंमत नव्हती.

तपासणीवाल्यानं धाकट्याचं बोट टोचलं, थेंब काचेवर पसरला, वाळवला, त्यावर जांभळं पाणी ओतलं. मग दुर्बिणीवरची प्लास्टिकची टोपी काढली. टोपीवर धूळ इतकी होती की त्याच्या बोटांचे ठसे उमटले. नुकतं सुनेचं बघायला एकदा काढली असेल तेवढीच. आक्का त्या ठशांकडे बघत राहिली.

"ही टोपी त्या दिवशी का नाही काढलीस?" तिनं विचारलं.

"कोणत्या दिवशी?"

"रक्त घेतलंस त्या दिवशी."

त्यानं डोळा दुर्बिणीलाच लावून ठेवला. "त्या दिवशी तुम्ही ताप नाही म्हणालात, आजी."

"मी म्हणाले. त्या पट्ट्या लावून बघितल्यास, त्या कशाच्या होत्या?"

"काविळीची एक, दुसरी त्या मोठ्या आजाराची, एड्सची. त्या लावायलाच लागतात."

"आणि ह्या तापाची?"

"ह्याच्याही येतात. संपल्यात. संपल्या की विचारतो." आता तो जरा चिडला होता. "आणि दुर्बिणीखाली एकेकाची काच बघत बसलो, तर दिवस मावळेल. मी एकटा आहे इथं."

"म्हणजे कुणाचंच बघत नाहीस?"

तो दुर्बिणीचं चाक फिरवत राहिला. "आहेत," म्हणाला शेवटी. "थोडे जंतू आहेत अजून. गोळ्या घ्यायला लागतील."

"मी खोटं बोलले," आक्का म्हणाली. "सगळ्या दवाखान्यासमोर माझं तोंड काळं झालं, ते झालं. पण एक सांग मला. भट्टीवरून येणारा माणूस ताप आला होता म्हणून कधी सांगतो का तुला?"

"नाही," तपासणीवाला म्हणाला. "भट्टीवाले कधीच हो म्हणत नाहीत."

"मग तुला ठाऊक होतं."

"आता सगळ्यांनाच ठाऊक आहे, आजी," तो म्हणाला आणि त्यानं काच बाजूला ठेवली. आक्काच्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. इतके दिवस तिनं स्वतःला शिव्या घातल्या होत्या, जेवण टाकलं होतं, थोरल्याची पाठ सोसली होती. आणि ह्याला ठाऊक होतं. ह्यांना सगळ्यांना ठाऊक होतं की नाही म्हणजे हो, आणि तरी हे त्या नाहीवर पिशव्या भरत होते. तिला त्याच्या टेबलावरचं सगळं उचलून भिंतीवर आपटावंसं वाटलं. पण दुर्बीण फुटली तर उद्या दुसऱ्या कुणाचं बघायचं राहील, म्हणून तिनं हात आवरला आणि धाकट्याला घेऊन बाहेर आली.

सून घरी आली. आक्का भट्टीवर गेली, तर साच्यावर नवा माणूस बसला होता. बायको-पोरं घेऊन नुकताच आलेला, कामाला वाकबगार नाही, पण मान खाली घालून करणारा. मुकादम म्हणाला, "आक्का, इतके दिवस कोण वाट बघणार? आणि वर तुमच्या घरात ताप. दवाखान्यातनं मालकाला फोन आला होता म्हणे. तुमच्या भट्टीवर मलेरिया आहे म्हणून." तिच्यापुढं त्यानं चाळण टाकली. आक्का राखेच्या ढिगापाशी बसली. चाळणीतली राख उडून तिच्या पापण्यांवर बसायची आणि समोरच नवा माणूस तिच्या साच्यानं वाकड्या विटा पाडत असायचा. एकदा तिला राहवलं नाही. उठून गेली आणि त्याला साचा कसा उचलायचा ते दाखवून आली. त्यानं ओशाळून मान डोलावली. त्याच्या खोपटातून पोराच्या कण्हण्याचा आवाज येत होता. आक्कानं विचारलं, "पोराला काय झालंय?" तो म्हणाला, "अंग दुखतंय त्याचं."

मालकानं तापाचा डाग धुवायचं ठरवलं. त्यानं भट्टीवरच रक्तदानाचं शिबिर लावलं. मोकळ्या जागेत कापडी मांडव घातला, भाड्यानं लाल खुर्च्या आणल्या, फोटोवाला बोलावला. आमची माणसं कशी धडधाकट आहेत ते दवाखान्याला बघू दे, असं तो मुकादमाला म्हणाला. मुकादमानं सकाळीच खोपटाखोपटातून सांगून ठेवलं, "विचारलं तर ताप नाही म्हणायचं. ज्याला ताप आहे, त्यानं रक्त द्यायचं नाही आणि भट्टीवरही राहायचं नाही. कळलं?" सगळ्यांना कळलं. कळायचं नवीन काही नव्हतंच.

दवाखान्याची गाडी आली. उतरला तो तोच तपासणीवाला. सुया, नळ्या, रिकाम्या पिशव्यांचं खोकं. दुर्बीण नव्हती. आक्कानं राखेच्या ढिगावरून खोक्यात काय काय आहे ते बघून घेतलं.

रांग लागली. मालक मांडवाच्या तोंडाशी खुर्चीत बसला होता.

"ताप आला होता?"

"नाही."

"बस. पुढचा. ताप?"

"नाही."

तेच. तसंच. आक्काच्या कानात ते 'नाही' खिळ्यासारखं ठोकलं जात होतं. ह्या पिशव्या कुठं जाणार? कुणाच्या तरी बाळंतिणीच्या अंगात. कुणाची तरी खाट वाजणार आणि कुणी तरी सासू खिडकीचा गज धरून उभी राहणार. ती उठली. हातांची राख झटकलीही नाही. रांगेच्या पुढं जाऊन टेबलासमोर उभी राहिली.

मालक म्हणाला, "आक्का, तुझं वय झालं. तुझं घेत नाहीत."

"नका घेऊ. विचारा तर."

तपासणीवाल्यानं तिला ओळखलं. त्यानं सुई खाली ठेवली. "आजी, जाऊ दे ना."

"विचार."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. तपासणीवाला तिच्या राखेनं पांढऱ्या झालेल्या हातांकडे बघत होता. "ताप आला होता?" त्यानं विचारलं, अगदी हळू.

"हो," आक्का म्हणाली. मोठ्यानं, खणखणीत. "मला आला होता. माझ्या नवऱ्याला आला होता. माझ्या धाकट्याला आला आणि त्याच्या रक्तातनं तू तो माझ्या सुनेला दिलास. मी खोटं बोलले आणि तू बघितलं नाहीस. आज मी खरं बोलते. आता ह्यालाही विचार." तिनं मागच्या माणसाकडे हात केला. तो नवा साचेवाला होता.

नवा साचेवाला पांढराफटक पडला. मुकादम पुढं झाला. मालक उठून उभा राहिला. "ज्याला ताप असेल," मालक म्हणाला, "त्यानं आत्ताच्या आत्ता भट्टी सोडायची. मी आधीच सांगितलंय."

नवा साचेवाला गप्प. आक्काला त्याचा राग आला नाही. तिला ठाऊक होतं, त्याच्या जागी ती असती तर तीही गप्प राहिली असती.

तेवढ्यात भट्टीच्या डोक्यावरून कुणीतरी उतरलं. धुरानं काळवंडलेला, डोक्याला फडकं बांधलेला. थोरला होता. दवाखान्यापासून आईशी एक शब्द न बोललेला. तो रांगेत न थांबता सरळ टेबलापाशी आला आणि आईच्या शेजारी उभा राहिला.

"मला पण आला होता," तो म्हणाला. "लिहा."

"तुला कधी?" मुकादम म्हणाला.

"गेल्या वर्षी. अंग दुखतंय म्हणून सांगितलं होतं तुम्हाला." मग तो मालकाकडे वळला. "मालक, मी भट्टी सोडतो. धाकटा सोडेल. आई सोडेल. आग कोण बघणार ते सांगा. भट्टी पेटलेली आहे, अजून निम्मी भाजायची आहे. आज आग सोडली तर सगळा माल कच्चा राहील."

चिखलाच्या खड्ड्यातून म्हाताऱ्याचा आवाज आला. तो तुडवत होता तिथूनच ऐकत होता. "मला पण आला होता," तो म्हणाला आणि खोकला.

नव्या साचेवाल्यानं एकदा आपल्या खोपटाकडे बघितलं. पोराचं कण्हणं अजून येत होतं. "हो," तो म्हणाला. "पोराला आलाय आत्ता. मला पण येतो."

मग त्याच्या मागचा म्हणाला, हो. त्याच्या मागची बाई म्हणाली, हो, एक दिवसाआड. मघाशी नाही म्हणून खुर्चीत बसलेला एकजण दंडाला बांधलेली पट्टी स्वतःच सोडवून उठला. दोघे-तिघे रांगेतून निसटून खोपटाकडे गेले, त्यांची भीती मोठी होती. पण बाकीचे थांबले. मालक मुकादमाकडे बघत होता, मुकादम भट्टीच्या धुराकडे. दोघांच्याही लक्षात आलं होतं की इतक्या जणांना काढून टाकलं, तर दुसरे इतके आणायचे कुठून.

तपासणीवाल्यानं भरायला घेतलेली पिशवी सुईपासून सोडवली. "मग सगळ्यांचंच बघावं लागेल," तो म्हणाला, जणू स्वतःशीच.

"बघ की," आक्का म्हणाली.

"दुर्बीण नाही आणलेली."

"गाडी आहे ना तुझी? आण जा. आम्ही कुठं पळून चाललोय?"

मग त्यानं खोकं उचललं आणि गाडीकडे गेला. गाडी धूळ उडवत निघाली, तरी रांग मोडली नाही. थोरल्यानं एक खुर्ची ओढून आईपुढं ठेवली. ती बसली. मग तो दुसरी घेऊन तिच्याशेजारी बसला आणि एकेक करून भट्टीची सगळी माणसं, चिखलाच्या पायांनिशी, मालकाच्या लाल खुर्च्यांवर वाट बघत बसून राहिली.